दहावीची भौतिकशास्त्रातली गणिते: सराव नेमका कसा करायचा?

सूत्र पाठ आहे, धडा दोनदा वाचला आहे, तरी गणित सुटत नाही. दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान भाग १' या विषयाबद्दल अनेक विद्यार्थ्यांची हीच तक्रार असते. मग शेवटच्या महिन्यात गणिते सोडून द्यायची आणि व्याख्या व शास्त्रीय कारणे पाठ करायची, असा मार्ग निवडला जातो. हा मार्ग तोट्याचा आहे. निबंधासारख्या उत्तरात किती गुण पडतील हे सांगता येत नाही. गणिताचे तसे नाही. सूत्र, किमती, आकडेमोड आणि एकक बरोबर असेल तर गुण कापायला जागा उरत नाही.

थोडक्यात

- भौतिकशास्त्राचे गणित बहुतेक वेळा सूत्र न आठवल्यामुळे अडत नाही. प्रश्नातल्या शब्दांतून 'दिलेले' काय आहे हे ओळखता आले नाही की ते अडते.
- एकक, चिन्ह आणि 'हे उत्तर शक्य आहे का?' हा शेवटचा प्रश्न, या तीन गोष्टी सांभाळल्या तर बऱ्याच चुका परीक्षेआधीच सापडतात.
- एकाच धड्याची वीस गणिते ओळीने सोडवण्यापेक्षा वेगवेगळ्या धड्यांची गणिते मिसळून सोडवणे जास्त उपयोगी ठरते.
- यासाठी पाठ्यपुस्तक, एक वही आणि घड्याळ पुरते.

प्रश्नपत्रिकेत गणिते कुठे असतात?

राज्य मंडळाच्या दहावीत विज्ञानाच्या दोन लेखी प्रश्नपत्रिका असतात. प्रत्येकी ४० गुण आणि वेळ दोन तास. उरलेले २० गुण प्रात्यक्षिकाचे. भाग १ मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र येते. या पुस्तकातल्या दहा धड्यांपैकी गुरुत्वाकर्षण, विद्युतधारेचे परिणाम, उष्णता, प्रकाशाचे अपवर्तन आणि भिंगे व त्यांचे उपयोग हे पाच धडे सरळ भौतिकशास्त्राचे आहेत. अवकाश मोहिमा या धड्याचा पायाही गुरुत्वाकर्षणाच्या धड्यातच आहे.

गणित एक गुणाच्या पर्यायी प्रश्नात येऊ शकते, दोन गुणांच्या प्रश्नात येऊ शकते आणि तीन गुणांच्या प्रश्नात तर येतेच. तपासताना साधारणपणे सूत्राला, किमती भरण्याला आणि एककासह उत्तराला वेगवेगळे गुण दिले जातात. म्हणून आकडेमोड चुकली तरी नीट लिहिलेल्या पायऱ्यांचे काही गुण पदरात पडतात. नुसते उत्तर लिहिले आणि ते चुकले, तर मात्र काहीच हाती लागत नाही.

रनाळ्यासारख्या गावात हा प्रश्न जास्त महत्त्वाचा का?

रनाळे हे नंदुरबार तालुक्यातले गाव. नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता सुमारे ६४ टक्के होती. राज्याची सरासरी सुमारे ८२ टक्के होती आणि नंदुरबार राज्यात सर्वात खाली होता. त्यामुळे या भागातल्या अनेक घरांत दहावीची परीक्षा देणारे मूल हे त्या घरातले पहिले किंवा दुसरेच असते. वही उघडून 'हे कसे सोडवायचे?' असे विचारायला घरात कोणी असतेच असे नाही.

भाषेचाही भाग आहे. जिल्ह्यात घरोघरी अहिराणी, भिल्ली, गुजरी अशा बोली बोलल्या जातात. पुस्तकातली मराठी प्रमाण असते आणि सूत्रे इंग्रजी अक्षरांत असतात. म्हणजे एक गणित सोडवण्याआधी विद्यार्थ्याला दोनदा भाषांतर करावे लागते. बोलीतून पुस्तकी मराठीत आणि पुस्तकी मराठीतून अक्षरांच्या सूत्रात. गणित अडते ते बहुधा या दुसऱ्या टप्प्यावर.

दुसरीकडे प्रश्नपत्रिका मात्र सगळ्या राज्याला एकच असते. रनाळ्याचा विद्यार्थी नाशिक विभागीय मंडळात बसतो, पण प्रश्न पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला जे असतात तेच त्यालाही असतात. आयटीआय आणि पॉलिटेक्निकचे प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. अकरावी विज्ञानाचे भौतिकशास्त्रही याच धड्यांवर उभे राहते.

आधी शब्द ओळखा

प्रश्नात काही आकडे उघड दिलेले असतात आणि काही शब्दांत लपलेले असतात. लपलेले आकडे सापडले की अर्धे गणित झाले. नेहमी येणारे शब्द असे:

- 'वस्तू सोडली', 'विरामावस्थेतून': सुरुवातीचा वेग शून्य.
- 'कमाल उंची गाठली': त्या क्षणी वेग शून्य. त्वरण मात्र शून्य नाही, गुरुत्व त्वरण चालूच असते.
- 'ब्रेक लावल्यावर थांबते': शेवटचा वेग शून्य, त्वरण ऋण.
- 'बहिर्गोल भिंग': नाभीय अंतर धन. 'अंतर्गोल भिंग': नाभीय अंतर ऋण.
- 'पडद्यावर प्रतिमा मिळते': प्रतिमा वास्तव आणि उलटी. भिंगाच्या गणितात प्रतिमेचे अंतर धन.
- '० अंशाच्या बर्फाचे ० अंशाचे पाणी': तापमान बदलत नाही, म्हणून अप्रकट उष्म्याचे सूत्र.

ही यादी प्रत्येक विद्यार्थ्याने स्वतःच्या वहीत वाढवत न्यावी. शेजारी आपल्या बोलीत अर्थ लिहिला तरी हरकत नाही.

सोडवण्याच्या पाच पायऱ्या

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांचे 'हाउ टू सॉल्व्ह इट' हे पुस्तक १९४५ मध्ये निघाले. प्रश्न समजून घेणे, योजना करणे, ती अमलात आणणे आणि मागे वळून पाहणे असे चार टप्पे त्यांनी सांगितले. दहावीच्या गणितासाठी ते पुढील पाच ओळींत बसवता येतात.

१. दिलेले: सर्व किमती एककासह लिहिणे.
२. काढायचे: काय विचारले आहे ते एका ओळीत.
३. एकके: सेंटिमीटर, ग्रॅम, किलोमीटर प्रतितास यांचे सूत्राला लागेल तसे रूपांतर.
४. सूत्र आणि किमती: आधी सूत्र, मग त्याखाली आकडे.
५. उत्तर आणि पडताळा: एकक लिहून, उत्तर शक्य आहे का ते पाहणे.

पाचवी पायरी बहुतेक जण गाळतात. खालच्या चार उदाहरणांत तिचा उपयोग दिसेल. सूत्रे इथे शब्दांत दिली आहेत. सरावातही आधी शब्दांत आणि मग पुस्तकातल्या अक्षरांत लिहिण्याची सवय चांगली.

उदाहरण १: विहीर आणि खडा

विहिरीच्या काठावरून खडा सोडला. तो २ सेकंदांनी पाण्यात पडला. पाणी किती खोल आहे? गुरुत्व त्वरण ९.८ मीटर प्रति सेकंद वर्ग.

'सोडला' म्हणजे सुरुवातीचा वेग शून्य. म्हणून सूत्र उरते ते असे:

अंतर = ½ × गुरुत्व त्वरण × वेळ²
= ½ × ९.८ × २ × २
= १९.६ मीटर

नेहमीची चूक म्हणजे वेळेचा वर्ग करायला विसरणे. तसे केले तर उत्तर ९.८ मीटर येते आणि तेही खरेच वाटते. पडताळा असा करावा: २ सेकंदांनी खड्याचा वेग ९.८ × २ = १९.६ मीटर प्रति सेकंद. सुरुवातीला शून्य होता, म्हणजे सरासरी वेग ९.८. दोन सेकंदांत अंतर ९.८ × २ = १९.६ मीटर. दोन वाटांनी एकच उत्तर आले.

प्रत्यक्षात आवाज वर यायलाही थोडा वेळ लागतो. एवढ्या खोलीला तो सेकंदाचा सुमारे सतरावा भाग असतो, म्हणून इथे तो सोडून देता येतो.

उदाहरण २: शेतातली मोटर

५ अश्वशक्तीची मोटर रोज ६ तास चालली. ३० दिवसांत किती युनिट वीज लागेल? १ अश्वशक्ती = ७४६ वॅट.

शक्ती = ५ × ७४६ = ३७३० वॅट = ३.७३ किलोवॅट
वेळ = ६ × ३० = १८० तास
विद्युत ऊर्जा = शक्ती × वेळ = ३.७३ × १८० = ६७१.४ युनिट

इथली चूक एककाची असते. वॅटचे किलोवॅट केले नाही तर उत्तर ६,७१,४०० येते. एवढ्या युनिटचे बिल कोणत्याही शेतकऱ्याला येणार नाही, म्हणून हे उत्तर पाहताच शंका यायला हवी. १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, म्हणजेच ३६ लाख ज्यूल. मोटरवर लिहिलेली अश्वशक्ती ही ती देत असलेली शक्ती असते. काही ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून प्रत्यक्ष वापर यापेक्षा जास्त येतो. परीक्षेत मात्र दिलेल्या किमतीच घ्याव्यात.

उदाहरण ३: बर्फ आणि पाणी

० अंश सेल्सिअसच्या ५० ग्रॅम बर्फाचे २० अंश सेल्सिअसचे पाणी करायला किती उष्णता लागेल? बर्फाच्या वितळण्याचा अप्रकट उष्मा ८० कॅलरी प्रति ग्रॅम, पाण्याची विशिष्ट उष्माधारकता १ कॅलरी प्रति ग्रॅम अंश सेल्सिअस.

इथे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात बर्फ वितळते, तापमान ० अंशच राहते:

५० × ८० = ४००० कॅलरी

दुसऱ्या टप्प्यात पाणी ० ते २० अंश तापते:

५० × १ × २० = १००० कॅलरी

एकूण = ५००० कॅलरी

पहिला टप्पा विसरणारे १००० कॅलरी लिहितात. अशा प्रश्नात आडवी रेघ मारून तिच्यावर 'बर्फ ०', 'पाणी ०', 'पाणी २०' असे तीन बिंदू काढावेत. दोन बिंदूंमध्ये एक जागा, प्रत्येक जागेला एक सूत्र. वाफेचा प्रश्न आला तरी हीच रेघ पुढे वाढवायची.

उदाहरण ४: बहिर्गोल भिंग

२० सेमी नाभीय अंतराच्या बहिर्गोल भिंगासमोर ३० सेमीवर वस्तू ठेवली. प्रतिमा कोठे मिळेल? ती किती मोठी असेल?

कार्टेशियन चिन्ह संकेतानुसार वस्तूचे अंतर = −३० सेमी, नाभीय अंतर = +२० सेमी.

१/प्रतिमेचे अंतर = १/नाभीय अंतर + १/वस्तूचे अंतर
= १/२० − १/३० = १/६०

प्रतिमेचे अंतर = +६० सेमी
विशालन = प्रतिमेचे अंतर ÷ वस्तूचे अंतर = ६० ÷ (−३०) = −२

प्रतिमा भिंगाच्या पलीकडे ६० सेमीवर, वास्तव, उलटी आणि दुप्पट मोठी.

ऋण चिन्ह विसरले तर उत्तर १२ सेमी येते. बहिर्गोल भिंगाची वास्तव प्रतिमा नाभीय अंतराच्या आत कधीच मिळत नाही. १२ हा आकडा २० पेक्षा लहान आहे, म्हणून चूक लगेच पकडता येते. आकृतीशीही ताडून पाहावे: वस्तू नाभी आणि नाभीय अंतराच्या दुप्पट अंतराच्या मध्ये असेल, तर प्रतिमा दुप्पट अंतराच्या पलीकडे आणि मोठी यायला हवी.

एककाची चूक किती महागात पडते?

अमेरिकेच्या 'नासा' संस्थेचे 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाजवळ पोचताना नष्ट झाले. एका संगणक प्रणालीने इंजिनाच्या आवेगाचे आकडे पाउंड-सेकंदात दिले होते आणि दुसरी प्रणाली ते न्यूटन-सेकंद समजून वापरत होती. आकडे होते, एकक जुळले नाही. दहावीच्या पेपरात याच चुकीची किंमत अर्धा किंवा एक गुण असते.

सर्वात जास्त लागणारी रूपांतरे मोजकी आहेत. किलोमीटर प्रतितासाचे मीटर प्रति सेकंद करायला ५/१८ ने गुणायचे. उदाहरणार्थ, ताशी ५४ किलोमीटरने जाणारी एसटी म्हणजे १५ मीटर प्रति सेकंद. भिंगाची शक्ती डायॉप्टरमध्ये काढताना नाभीय अंतर मीटरमध्येच हवे. २० सेमी म्हणजे ०.२ मीटर, म्हणून शक्ती १ ÷ ०.२ = ५ डायॉप्टर. तासांचे सेकंद करायला ३६०० ने गुणायचे.

मिसळून सराव का करायचा?

साउथ फ्लोरिडा विद्यापीठातील डग रोरर आणि केली टेलर यांनी २००७ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या घनाकृतींचे घनफळ काढायला शिकवले. एका गटाने एका प्रकारची सगळी गणिते संपवून दुसरा प्रकार घेतला. दुसऱ्या गटाने सगळे प्रकार मिसळून सोडवले. सराव करताना पहिला गट पुढे होता: ८९ टक्के विरुद्ध ६० टक्के. आठवड्याने परीक्षा घेतली तेव्हा चित्र उलटे झाले. मिसळून सराव करणाऱ्यांना ६३ टक्के मिळाले, दुसऱ्यांना २० टक्के.

कारण साधे आहे. 'उष्णता' या धड्याखाली दिलेले गणित उष्णतेचेच असते, हे सोडवणाऱ्याला आधीच ठाऊक असते. परीक्षेत वर धड्याचे नाव लिहिलेले नसते. कोणते सूत्र लावायचे हे ओळखणे हीच खरी परीक्षा असते आणि ओळीने सोडवताना नेमका तोच सराव राहून जातो.

दुसरी गोष्ट सोडवलेली उदाहरणे वाचण्याची. पुस्तकातले उत्तर वाचताना सगळे समजल्यासारखे वाटते. पुस्तक मिटून तेच उदाहरण कोऱ्या पानावर केले की नेमके कुठे अडते ते कळते. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न पाहता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर जास्त राहते.

चार आठवड्यांचा सराव

- पहिला आठवडा: पाच धड्यांची सूत्रे एका पानावर, प्रत्येक राशीच्या एककासह. रोज पुस्तकातली दोन सोडवलेली उदाहरणे पुस्तक मिटून करणे.
- दुसरा आठवडा: स्वाध्यायातली गणिते, एकेका धड्याची.
- तिसरा आठवडा: गणिते चिठ्ठ्यांवर लिहून डब्यात टाकणे. रोज पाच चिठ्ठ्या काढून सोडवणे.
- चौथा आठवडा: जुन्या प्रश्नपत्रिका घड्याळ लावून. ४० गुणांना १२० मिनिटे म्हणजे एका गुणाला तीन मिनिटे. तीन गुणांचे गणित नऊ मिनिटांत पडताळ्यासह संपायला हवे.

चारही आठवडे मागच्या पानावर चुकांची नोंद ठेवावी. चूक शब्दाची, एककाची, चिन्हाची, सूत्राची की आकडेमोडीची, एवढेच लिहायचे. पंधरा-वीस नोंदी झाल्या की स्वतःची नेहमीची चूक दिसू लागते.

मिसळलेली सहा गणिते

१. चेंडू सरळ वर फेकला. तो २० मीटर कमाल उंची गाठतो. फेकतानाचा वेग आणि परत हातात येईपर्यंतचा वेळ काढा. (गुरुत्व त्वरण १० घ्या.)
२. ६० वॅटचे दोन पंखे रोज ८ तास चालतात. ३० दिवसांत किती युनिट?
३. एका माध्यमात प्रकाशाचा वेग २ × १०⁸ मीटर प्रति सेकंद आहे. निरपेक्ष अपवर्तनांक किती? (निर्वातात ३ × १०⁸.)
४. चष्म्याचा नंबर −२.५ आहे. नाभीय अंतर किती? भिंग कोणते?
५. १०० ग्रॅम पाणी ३० वरून ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवायला किती कॅलरी?
६. पृथ्वीवर ४९ न्यूटन वजनाच्या वस्तूचे वस्तुमान किती? चंद्रावर वजन आणि वस्तुमान किती? (पृथ्वीवर गुरुत्व त्वरण ९.८, चंद्रावर त्याच्या एक षष्ठांश.)

उत्तरे: (१) २० मीटर प्रति सेकंद, ४ सेकंद. (२) २८.८ युनिट. (३) १.५, एकक नाही. (४) −४० सेमी, अंतर्गोल. (५) ५००० कॅलरी. (६) ५ किलोग्रॅम. चंद्रावर वजन सुमारे ८.१७ न्यूटन, वस्तुमान ५ किलोग्रॅमच.

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

*गुरुत्व त्वरण ९.८ घ्यायचे की १०?* प्रश्नात जे दिले असेल ते. काही दिले नसेल तर ९.८ घेऊन तसे 'दिलेले' मध्ये लिहावे.

*गणित कच्चे असेल तर?* या धड्यांना लागणारे गणित अपूर्णांकांची बेरीज-वजाबाकी, दशांश, वर्ग-वर्गमूळ आणि दहाचे घात एवढेच आहे. रोज दहा मिनिटे नुसती ही आकडेमोड केली तरी दोन आठवड्यांत हात बसतो. परीक्षेत सर्वसाधारण विद्यार्थ्यांना कॅल्क्युलेटर मिळत नाही, म्हणून सरावातही मोबाइलवर आकडेमोड करू नये.

*क्लास नसेल तर?* बालभारतीचे पाठ्यपुस्तक पीडीएफ स्वरूपात मोफत मिळते आणि प्रश्नपत्रिका त्याच पुस्तकावर निघते. दोन-तीन विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदा वह्या बदलून एकमेकांची गणिते तपासावीत आणि जिथे तिघेही अडतील ती खूण करून शाळेत शिक्षकांना विचारावीत. 'काहीच येत नाही' असे सांगण्यापेक्षा 'या ओळीनंतर चिन्ह का बदलले?' असे विचारले, तर शिक्षकांनाही दोन मिनिटांत नेमके उत्तर देता येते.